पोस्टफिक्समध्ये मेलबॉक्स_कमांड टाकली तरी प्रोकमेल चालतच नाही, मेल थेट मेलडिरमध्ये पडतेय

सांगलीकर_आयटी:
नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेचा मेल सर्व्हर माझ्या गळ्यात पडलाय, आधीच्या माणसाने उभा केलेला, डेबियन १२, पोस्टफिक्स (मेल घेणारा आणि पोचवणारा) आणि डोव्हकॉट (आयमॅपने मेलबॉक्स दाखवणारा), मेलडिर फॉरमॅट (प्रत्येक मेलची वेगळी फाइल), आयमॅप एकदम व्यवस्थित चालतं. आता साहेबांचं म्हणणं आहे की स्पॅम म्हणून मार्क झालेल्या मेल सगळ्यांच्या जंकमध्ये आपोआप गेल्या पाहिजेत आणि शाखांकडून येणाऱ्या कर्जाच्या मेल "कर्ज" नावाच्या फोल्डरमध्ये. प्रत्येकाच्या आउटलुकमध्ये रूल लावत बसणं शक्य नाही कारण निम्मी मंडळी मोबाइलवरच मेल बघतात, आणि आउटलुक बंद असलं की रूलही बंद. म्हणून सर्व्हरवरच करायचं ठरवलं.

नेटवर वाचून पोस्टफिक्सच्या मेन डॉट सीएफ या कॉन्फिग फाइलमध्ये मेलबॉक्स_कमांडला प्रोकमेलचा (आलेली मेल नियमांनुसार फोल्डरमध्ये लावणारा प्रोग्रॅम) पूर्ण पाथ दिला, रीलोड केलं, एरर काहीच नाही. पोस्टकॉन्फ -एन मारलं तर ओळ दिसते. पण प्रोकमेलची लॉग फाइल रिकामीच. गंमत म्हणजे सर्व्हरवर माझा जो लिनक्स युजर आहे त्याला मेल टाकली की प्रोकमेल लगेच उठतो, संस्थेच्या डोमेनवरच्या कुठल्याही पत्त्याला टाकली की ढिम्म. मेल मिळते मात्र बरोबर. लॉगमधल्या ओळीचा शेवट असा आहे: रिले=व्हर्च्युअल, स्टेटस=सेंट (डिलिव्हर्ड टू मेलडिर). परमिशनचा घोळ आहे का? प्रोकमेलला सेटयुआयडी वगैरे द्यावं लागतं का?

रिले_बघा_आधी:
परमिशनला हात लावू नका, उत्तर तुमच्याच लॉगमध्ये आहे. रिले=व्हर्च्युअल.

पोस्टफिक्समध्ये मेल शेवटी मेलबॉक्समध्ये टाकणारे प्रोग्रॅम एकापेक्षा जास्त आहेत. डोमेन मायडेस्टिनेशनमध्ये (सर्व्हरच्या स्वतःच्या डोमेनांची यादी) असेल तर ती मेल "लोकल" नावाच्या एजंटकडे जाते, तो लिनक्स युजर ओळखतो, एलियास बघतो, डॉट फॉरवर्ड बघतो, आणि मेलबॉक्स_कमांड फक्त तोच वाचतो. डोमेन व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्समध्ये असेल तर मेल जाते "व्हर्च्युअल" एजंटकडे, त्याला फक्त फाइल लिहिता येते, कमांड चालवणं त्याच्या गावीच नाही, मुद्दामच तसा ठेवलाय. म्हणजे तुम्ही चिठ्ठी दिली एका पोस्टमनला आणि तुमच्या गल्लीत रोज येतो दुसराच. तुमचा लिनक्स युजर लोकलमधून जातो म्हणून तिथे प्रोकमेल उठला.

आता कृपा करून एक करू नका, डोमेन उचलून मायडेस्टिनेशनमध्येही टाकू नका. खूप जण करतात. मग पोस्टफिक्स लॉगमध्ये ओरडतो की डोमेन दोन्हीकडे लिहू नका, आणि लोकल त्या पत्त्यांचे लिनक्स युजर शोधायला लागतो जे तुमच्याकडे नाहीतच, आणि मग "युजर अननोन" म्हणून सगळ्या मेल परत.

तुम्हाला बदलायचंय ते व्हर्च्युअल_ट्रान्सपोर्ट. त्याची डिफॉल्ट व्हॅल्यू व्हर्च्युअल आहे, तिथे बाहेरचा एजंट द्यायचा. आणि काहीही बदलायच्या आधी मेन डॉट सीएफमध्ये सॉफ्ट_बाउन्स = येस टाका. काही बिनसलं तर मेल पाठवणाऱ्याकडे परत न जाता रांगेत थांबते, डिफॉल्टला ५ दिवस, तेवढ्यात तुम्ही दुरुस्त करून पोस्टक्यू -एफ मारला की झालं. सगळं नीट चालल्याची खात्री पटली की ती ओळ आठवणीने काढा.

पाइपवाला:
वरच्यांनी बरोबर सांगितलंय. मी हेच पाइपने (बाहेरच्या प्रोग्रॅमला मेल देणारा पोस्टफिक्सचा एजंट) करतो, वर्षानुवर्षं चालू आहे. मास्टर डॉट सीएफमध्ये डोव्हकॉट नावाची सर्व्हिस बनवायची, प्रकार युनिक्स, शेवटी कमांडच्या जागी पाइप. पुढच्या ओळीवर फ्लॅग्स=डीआरएचयु, युजर=व्हीमेल:व्हीमेल, आणि एआरजीव्हीमध्ये डोव्हकॉट-एलडीएचा (मेलबॉक्समध्ये मेल टाकणारा डोव्हकॉटचा प्रोग्रॅम) पूर्ण पाथ, -एफ ला सेंडर, -डी ला रिसिपियंट. पुढची ओळ स्पेसने सुरू झाली पाहिजे हं, नाहीतर पोस्टफिक्स तिला नवी सर्व्हिस समजतो आणि वाट्टेल ती एरर देतो, सगळ्यात जास्त वेळ लोकांचा इथेच जातो.

फ्लॅग्स आंधळेपणाने कॉपी करू नका म्हणून सांगतो, डी म्हणजे डिलिव्हर्ड-टू हेडर, आर म्हणजे रिटर्न-पाथ, एच आणि यु पत्त्याचे दोन्ही भाग लहान लिपीत करतात. डी लावलात तर डोव्हकॉट_डेस्टिनेशन_रिसिपियंट_लिमिट = १ लावावंच लागतं. युजरच्या जागी रूट दिलात तर पाइप चालायलाच नकार देतो, आणि तेच बरोबर आहे. पाइपमध्ये शेल नसतो, त्यामुळे > किंवा | असलं काही लिहून चालणार नाही.

स्वतःची स्क्रिप्ट लावणार असाल तर एक्झिट कोड पाठ करा. ७५ दिला तर पोस्टफिक्स मेल ठेवून नंतर परत प्रयत्न करतो, ६७ म्हणजे असा युजर नाही, मेल बाउन्स. स्क्रिप्टमध्ये डिस्क भरली म्हणून साधा एक्झिट १ मारला तर पोस्टफिक्सला ते कायमचं अपयश वाटतं आणि ग्राहकाची मेल परत जाते, साहेबांना काय सांगणार मग.

एलएमटीपी_झिंदाबाद:
पाइप चालतं, नाही म्हणत नाही, पण आज नव्याने करताय तर पाइप कशाला? प्रत्येक मेलला, प्रत्येक पत्त्याला नवी प्रोसेस उठते. सगळ्या स्टाफला एक परिपत्रक गेलं की मोजा किती एलडीए उठले ते. एलएमटीपी म्हणजे मेल मेलबॉक्सपर्यंत पोचवायचा प्रोटोकॉल, त्यात डोव्हकॉट आधीच चालू असतो, पोस्टफिक्स एका सॉकेटवर मेल देतो आणि डेटा संपल्यावर प्रत्येक पत्त्यासाठी वेगळं उत्तर मिळतं, एकाचा कोटा भरला म्हणून बाकीच्यांचं अडत नाही. प्रोटोकॉल १९९६ चा आहे, आरएफसी २०३३, म्हणजे काही नवीन फॅड नाही.

डेबियनवर डोव्हकॉट-एलएमटीपीडी आणि डोव्हकॉट-सीव्ह ही वेगळी पॅकेजेस आहेत, ती टाका. सीव्ह म्हणजे सर्व्हरवरच मेल फोल्डरमध्ये लावायच्या नियमांची भाषा. मग १०-मास्टर डॉट कॉन्फमध्ये सर्व्हिस एलएमटीपीच्या आत युनिक्स_लिसनर, पाथ पोस्टफिक्सच्या स्पूलमधला (त्याच्या रांगेचं फोल्डर) प्रायव्हेट/डोव्हकॉट-एलएमटीपी, मोड ०६००, युजर आणि ग्रुप दोन्ही पोस्टफिक्स. पाथ पूर्ण द्या, कारण पोस्टफिक्सचा एलएमटीपी क्लायंट क्रूटमध्ये असू शकतो आणि त्याला स्पूलच्या बाहेरचं दिसत नाही. पोस्टफिक्सकडे एकच ओळ, व्हर्च्युअल_ट्रान्सपोर्ट = एलएमटीपी:युनिक्स:प्रायव्हेट/डोव्हकॉट-एलएमटीपी. २०-एलएमटीपी डॉट कॉन्फमध्ये मेल_प्लगिन्सला सीव्ह जोडा.

दोन गोष्टी कुठल्याच ट्युटोरियलमध्ये धड नसतात.

आत्तापर्यंत मेल कुठल्या फोल्डरमध्ये टाकायची हे पोस्टफिक्स व्हर्च्युअल_मेलबॉक्स_मॅप्समधून ठरवत होता. एलएमटीपी लावल्यावर ते डोव्हकॉट ठरवणार. दोघांचा पाथ आणि युआयडी एकच असेल तर ठीक, आयमॅप चालतंय म्हणजे बहुतेक असेलच, पण डोव्हअॅडम युजर आणि पुढे एक पत्ता असं मारून होम, युआयडी, जीआयडी बघून घ्या. होम रिकामं आलं तर सीव्ह प्रत्येकाची स्क्रिप्ट कुठे शोधणार?

दुसरं, पाथ वापरात नाहीत म्हणून व्हर्च्युअल_मेलबॉक्स_मॅप्स पुसून टाकू नका!! कुठला पत्ता अस्तित्वात आहे हे पोस्टफिक्स अजूनही तिथूनच बघतो. ते गेलं की तो वाट्टेल त्या नावाला मेल घेतो, मग डोव्हकॉट नाही म्हणतो, मग तुमचा सर्व्हर खोट्या सेंडरना बाउन्स पाठवत बसतो आणि आयपी ब्लॅकलिस्टमध्ये.

सांगलीकर_आयटी:
खूप आभार सगळ्यांचे, रिले= कडे मी कधी लक्षच देत नव्हतो. एलएमटीपी लावलं. आधी "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" येत होतं कारण डोव्हकॉट रीस्टार्ट केला नव्हता त्यामुळे सॉकेट तयारच झाला नव्हता, सॉफ्ट_बाउन्स होतं म्हणून मेल रांगेत पडून राहिल्या, एकही परत गेली नाही. आता लॉगमध्ये रिलेच्या पुढे प्रायव्हेट/डोव्हकॉट-एलएमटीपी दिसतं आणि "सेव्ह्ड" असं लिहून येतं. जंकचा नियम लागला, एक्स-स्पॅम-फ्लॅग येस असेल तर जंक.

पण एक शंका. प्रोकमेल सोडून द्यायचं का? मला त्याची सवय आहे, रेग्युलर एक्स्प्रेशन येतात. डोव्हकॉटच्या आधी प्रोकमेल आणि मग एलडीए असं पण करता येईल ना?

रिले_बघा_आधी:
येईल, पण करू नका. ३.२२ ही आवृत्ती २००१ ची, तिच्यानंतर दोन दशकं नवीन काही नाही, मधे २०१४ मध्ये ते सांभाळणाऱ्या फिलिप गेंथर यांनीच ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांना सुचवलं की प्रोकमेलचं पोर्ट (त्यांच्याकडचं पॅकेज) काढून टाका. नंतर मूळ लेखकाने परत हातात घेऊन २०२२ मध्ये नवी आवृत्ती काढली हे खरं. पण व्हर्च्युअल युजरांसाठी त्याच्याभोवती किती ठिगळं लावणार.

नाइटशिफ्ट:
प्रोकमेल नको याचं तुमच्यासाठी याहून मोठं कारण आहे, सब्जेक्ट मराठीत. मेलच्या आत "कर्ज मागणी अर्ज" असा सब्जेक्ट तसाच नसतो, तो यूटीएफ-८ बेस६४ मध्ये गुंडाळून येतो. प्रोकमेल ते उलगडत नाही, त्याला दिसतो नुसता अक्षरांचा काला, तुम्ही रेसिपीत (प्रोकमेलच्या नियमात) "कर्ज" लिहिलंत तर जन्मात मॅच होणार नाही. सीव्ह आधी हेडर उलगडतो आणि मग जुळवतो, त्यामुळे हेडर :कंटेन्स सब्जेक्ट "कर्ज" असं थेट देवनागरीत लिहा, फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. फोल्डरचं नावही "कर्ज" असंच चालतं, आयमॅपचं एन्कोडिंग तो स्वतः बघतो.

फाइलइन्टूला :क्रिएट लावा आणि रिक्वायरमध्ये मेलबॉक्स द्या, नाहीतर ज्याच्याकडे फोल्डर नाही त्याची मेल इनबॉक्समध्येच पडेल आणि तो म्हणणार नियम चालत नाही. सगळ्यांसाठी एकच स्क्रिप्ट हवी असेल तर सीव्ह_बिफोर वापरा आणि सीव्हसी ने हाताने कंपाइल करून ठेवा, कारण ईटीसीमध्ये (कॉन्फिग फाइलींची जागा) व्हीमेल युजरला लिहायची परवानगी नसते.

आणि रजेच्या अर्जांचाही नियम लावणार असाल तर "कर्मचाऱ्यांची रजा" असा पूर्ण शब्द देऊ नका. त्यातला ऱ्या काही कीबोर्ड टिंब असलेल्या ऱ ने लिहितात, काही साध्या र ला हलंत आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) जोडून. स्क्रीनवर दोन्ही सारखे, बाइट्स वेगळे, निम्म्या मेल निसटतील आणि तुम्ही पोस्टफिक्सला शिव्या घालत बसाल. "कर्मचा" एवढंच द्या.

सांगलीकर_आयटी:
@नाइटशिफ्ट हे भारीच, एका शाखेच्या मेल का सुटत असतील याचा अंदाज आला. तिथल्या मॅडम मोबाइलवरून टाइप करतात.

पाइपवाला:
जाता जाता, डेबियन १३ वर जाणार असाल तर थांबून जा. तिथे डोव्हकॉट २.४ आहे आणि जुनं कॉन्फिग तसंच्या तसं चालत नाही, सगळ्यात वर डोव्हकॉट_कॉन्फिग_व्हर्जन लिहावं लागतं, मेल_लोकेशन गेलं, %यु वगैरे व्हेरिएबल लिहायची पद्धत बदलली. आत्ताच डोव्हकॉन्फ -एन आणि पोस्टकॉन्फ -एन दोन्हीचं आउटपुट फाइलमध्ये काढून सर्व्हरबाहेर ठेवा. आणि हो, सॉफ्ट_बाउन्स काढलं का?

सांगलीकर_आयटी:
काढतो काढतो, सोमवारची गर्दी एकदा बघून घेतो.