सल्ला हवा: गल्लीच्या गणपतीत 'खुल जा सिम सिम' करायचंय (२०१२ वाला आठवतो का कुणाला?)

अनगोळचा_नातू
मंडळी, बेळगावकरांना आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्यांना खास विचारतोय, कारण सामान इथलंच लागणार.

आमची गल्ली लहान, चाळीसेक घरं. गणपतीत पाचव्या दिवशी संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, आणि दरवर्षी त्याच तिघी जिंकतात. यंदा 'मनोरंजन' माझ्या गळ्यात पडलंय. बजेट सहा हजार, बक्षिसं धरून. मला टीव्हीवरच्या 'सिम सिम'सारखा तीन दारांचा खेळ करायचाय: एक दार निवडायचं, मागं असेल ते आपलं, मोठं बक्षीस नाहीतर फोल. अमन वर्माचा नव्हे, त्याच्यानंतरचा, हुसेन कुवाजेरवालाचा. इमॅजिन चॅनेलवर २०१२ च्या सुरुवातीला आला होता. विषय काढला की निम्मे लोक म्हणतात, असा काही नव्हताच.

होता. आमच्या आज्जीनं एक भाग चुकवला नव्हता. तिला हिंदी यथातथाच, पण दार निवडायला भाषा कशाला लागते? हुसेन तिला 'कुमकुम'मधला सुमित म्हणून ओळखीचा, म्हणजे घरातलाच. ती टीव्हीसमोर सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायची. बाई दारांपुढं उभी राहिली की आज्जीचे हात थांबायचे, अर्धी फोडलेली शेंग तशीच चिमटीत. "दोन म्हण गे! दोन!" नेहमी दोनच.

मग एप्रिलमध्ये टर्नर कंपनीनं चॅनेलच बंद करणार म्हणून जाहीर केलं. नवीन भाग थांबले, मे महिन्यात तर त्या नंबरावर नुसता काळा पडदा. आज्जीचं ठाम मत, केबलवाल्यानं काढला. मी नुकती दहावी दिलेली. पावती घेऊन मला पाठवलं, "महिन्याचे पैसे कापून घे म्हणावं." मीही तावातावानं भांडलो. बिचाऱ्यानं मला आत नेऊन सगळ्या पेट्या दाखवल्या. "मी नाही मारला रे, तो वरूनच मेला." आज्जीला आजही पटलेलं नाही. ती आता ८१ ची आहे, आणि हा खेळ खरं तर तिच्यासाठीच करायचाय.

तर, दारं स्वस्तात कशी करू? बक्षिसं काय ठेवू? दार बदलायची संधी द्यायची का नाही? आणि २०१२ चे भाग कुणी रेकॉर्ड केलेत का?

कॅम्पातली_काकू
२०१२ वाला म्हणजे शिळ्या कढीला ऊत, राग मानू नको. खरा २००१ चा, स्टार प्लसवरचा. तेव्हा वाराच तसा होता. २००० साली करोडपती आला आणि प्रत्येक चॅनेलला पैसे वाटायचं वेड लागलं. झीवर अनुपम खेर आणि मनीषा कोइराला 'सवाल दस करोड का' घेऊन बसले, सोनीवर गोविंदा 'जीतो छप्पर फाड के', मग नीना गुप्ता 'कमजोर कडी कौन'मध्ये माणसांना हाकलायला लागली. त्या सगळ्यांत 'सिम सिम' एकच असा, ज्यात डोकं लागत नव्हतं. आमच्यासारख्यांना तोच बरा. करोडपती बघताना ह्यांच्यापुढं उत्तर चुकलं की आठवडाभर ऐकून घ्यावं लागायचं.

दारं करू नकोस. प्लायवूड महाग, आणि नंतर मंडळाच्या खोलीत सडतं. मंडपवाल्याकडनं तीन पडदे घे, आडवा बांबू, प्रत्येक पडद्याला वेगळी दोरी. मागं तीन टेबलं. वर पुठ्ठ्याचे १, २, ३. दोरी ओढायला शाळकरी पोरं उभी कर, त्यांना फार आवडतं.

निपाणीचा_पाहुणा
माझ्याकडून एकच. फोल बक्षीस काय ठेवता त्यावर सगळं आहे. आमच्याकडं एका मंडळानं गंमत म्हणून तुटकी चप्पल ठेवली. लागली नेमकी नवीन लग्न होऊन आलेल्या मुलीला. तिनं हसल्यासारखं केलं, घरी जाऊन रडली, आणि सासूनं पुढची दोन वर्षं वर्गणी दिली नाही. फोल म्हणजे अपमान नव्हे. कोबीचा गड्डा, खराटा, किलोभर मीठ, रताळी ठेवा. घरी नेऊन उपयोगी पडेल आणि लोक हसतीलही. जिवंत प्राणी आणू नका. कुणीतरी बोकड सुचवतोच.

आणि तिकीट लावू नका. पैसे घेऊन नशिबाचं बक्षीस दिलं की ती सोडत झाली. उगाच पोलीस ठाण्यात चहा प्यायची पाळी.

खानापूरची_पोर
बोकड मीच सुचवणार होते 🙂

बदलायची संधी द्या की! तीच तर मजा. पण मला सांगा, आपण न निवडलेलं एक फोल दार उघडून दाखवलं की उरली दोन. मग बदला नाहीतर बदलू नका, निम्मं-निम्मंच ना?

शहापूरचे_गणित_मास्तर
नाही. आणि ह्या प्रश्नावर भलेभले घसरलेत, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

'सिम सिम' मूळचा अमेरिकेतला. 'लेट्स मेक अ डील' हा खेळ १९६३ साली सुरू झाला, सूत्रधार मॉन्टी हॉल. त्याच्याच नावानं गणितात हेच कोडं आहे. १९७५ मध्ये स्टीव्ह सेल्विन ह्यांनी एका संख्याशास्त्राच्या नियतकालिकात मांडलं. पण गाजलं १९९० मध्ये, मेरिलिन वोस सावंत ह्या बाईंनी आपल्या सदरात 'दार बदला' असं उत्तर दिलं तेव्हा. सुमारे दहा हजार पत्रं आली, कित्येक पीएचडीवाल्यांची, आणि बहुतेकांनी बाईंनाच अक्कल शिकवली. बाई बरोबर होत्या. पॉल एर्डिश म्हणजे गणितातलं केवढं मोठं नाव, त्यांनासुद्धा संगणकावर खेळ खेळवून दाखवल्यावरच पटलं.

आता साधं सांगतो. तुम्ही 'दोन' म्हणालात तेव्हा तुम्ही बरोबर असण्याची शक्यता तिनात एक. म्हणजे कुकर एक किंवा तीन नंबरात असण्याची शक्यता तिनात दोन. सूत्रधार त्यातलं तीन उघडून कोबी दाखवतो. त्यानं ते अंदाजानं उघडलेलं नाही, कोबी कुठं आहे हे त्याला ठाऊक होतं. त्यामुळं तुमच्या 'दोन'ची शक्यता वाढत नाही, ती तिनात एकच राहते. उरलेली सगळी एक नंबराकडं जाते. बदलणारा तिनात दोनदा जिंकतो.

पटत नसेल तर घरी तीन वाट्या पालथ्या घाला आणि एकीखाली चिंचोका ठेवा. मी बायकोबरोबर तीस वेळा खेळलो, प्रत्येक वेळी बदललं, एकवीस वेळा मिळाला. ती अजून म्हणते मी वाटीचा पोचा ओळखत होतो.

खानापूरची_पोर
सर, मी सात वेळा केलं. तीनदाच मिळाला.

शहापूरचे_गणित_मास्तर
सातावर काय ठरतंय? तीस करा.

नातू, तुमच्यासाठी कामाची गोष्ट वेगळीच आहे. मॉन्टी हॉल प्रत्येकाला बदलू देत नसे. कधी पैशाचं पाकीट पुढं करायचा, कधी सरळ दार उघडायचा, माणूस बघून. टीव्हीवर चालतं. गल्लीत नाही. एकीला संधी दिली आणि दुसरीला नाही, तर विसर्जनापर्यंत तेच ऐकाल. एकच नियम ठरवा: प्रत्येकाला एक फोल दार उघडून दाखवायचं, प्रत्येकाला विचारायचं.

आणि मग बक्षिसं मोजा. दहा जण खेळले आणि सगळ्यांनी बदललं, तर साधारण सात मोठी बक्षिसं जातील. कुणीच बदललं नाही, तर तीन-चार. तयारी सातांची हवी. पाचपाचशेची सात धरलीत तर साडेतीन हजार. उरलेले पडद्यांना आणि कोबीला.

अनगोळचा_नातू
मास्तर, हे मला कुणीच सांगितलं नसतं. मी दोनच कुकर आणून मोकळा होणार होतो.

वडगावचा_मागवाला
अरे पण बक्षिसालाच का धरून बसलायसा? दूरदर्शनच्या कानडी चंदना वाहिनीवर 'थट् अंत हेळी' हा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम बघत नाही काय कोण? डॉ. ना. सोमेश्वर २००२ पासून करूलालेत, आणि बक्षीस काय, तर पुस्तकं. कुकर नाही, मोटार नाही. आमच्या घरात कानडी धड कुणाला वाचता येत नाही, तरी रात्री तो लावायचा आणि उत्तर आलं की आरडाओरडा करायचा. माझं कानडी निम्मं मागावर आणि निम्मं तिथं झालं.

म्हणून सांगतो, तुझ्या गल्लीत सगळी मराठीच नसतील. दोन-चार घरं कानडी असणार, एखादं उर्दू बोलणारं. नुसतं दार निवडायला देऊ नकोस, आधी एक सोपा प्रश्न विचार, मराठीत आणि कानडीत दोन्हीत. राजहंसगड कुठल्या गावाजवळ, राकसकोप धरणाचं पाणी कुठल्या गावाला, असले. येळ्ळूर म्हटलं की टाळी, बेळगाव म्हटलं की टाळी. मोठ्या बक्षिसाबरोबर एक पुस्तक पण दे.

आणि ते 'खुल जा सिम सिम' कशाला ओरडायचं? आपल्याकडं 'बये दार उघड' आहे की! कानडीवाले 'बागिल तेगी' म्हणतील. दोन्हीकडनं आवाज झाला पाहिजे.

कॅम्पातली_काकू
हे एकदम झकास. 'बये दार उघड' म्हणत पडदा वर. मी येणार बघायला.

निपाणीचा_पाहुणा
दहाच्या आत आटपा, स्पीकर असेल तर. नाहीतर दार उघडायला वेगळीच माणसं येतील.

टिळकवाडी_दुसरं_गेट
रेकॉर्डिंगचं कुणी बोललंच नाही म्हणून. माझ्याकडं २००१ चे दोन भाग व्हिडिओ कॅसेटवर होते. मागच्या पावसाळ्यात काढून बघितली तर पट्टीला पांढरी बुरशी. बेळगावचा पाऊस पुस्तकं सोडत नाही, कॅसेट काय सोडतोय. २०१२ चं तर कोण कशाला रेकॉर्ड करेल? तेव्हा वाटलं होतं, चालूच आहे की.

त्या चॅनेलचं मला आजही नवल वाटतं. २००८ ला नवीन रामायण घेऊन आलं, २००९ ला राखी सावंतचं स्वयंवर लावलं, आणि चार वर्षांत गाशा गुंडाळला. हुसेनचा कार्यक्रम चांगला का वाईट हे ठरायलाच वेळ मिळाला नाही.

अनगोळचा_नातू
हेच ना. वाईट होऊन बंद पडला असता तर विसरलो असतो.

सगळ्यांचे आभार. पडदे ठरवले. सात बक्षिसं: तीन कुकर, दोन इस्त्र्या, दोन स्टीलच्या डब्यांचे संच. घाऊक घेतल्यानं पाचपाचशेत बसवले. मोठ्या बक्षिसाबरोबर पुस्तक, ते काकांच्या कपाटातनं. सूत्रधार मास्तरांचा पुतण्या, कारण त्याला चेहरा कोरा ठेवता येतो. पाकिटात १०१ रुपये, पाहिजे तर दार सोडून पाकीट घ्यायचं.

अनगोळचा_नातू
(आठ दिवसांनी) झाला खेळ. वृत्तांत द्यायलाच पाहिजे.

नऊ जण खेळले. मास्तर, तुम्ही एवढं सांगून, आणि मी ते फळ्यावर लिहून ठेवूनसुद्धा, बदललं फक्त दोघांनी. दोघंही जिंकले. न बदलणाऱ्या सातांत दोघांनाच मिळालं. एकूण चारच मोठी बक्षिसं गेली. तीन उरलीत, पुढच्या वर्षाला. 'बये दार उघड'ला पोरांनी मंडप डोक्यावर घेतला. कानडी घरातल्या काकूंनी राकसकोपचं उत्तर सगळ्यांत आधी दिलं आणि इस्त्री नेली.

आज्जीला शेवटी बोलावलं. खुर्ची दिली तर बसली नाही, पडद्यांसमोर जाऊन उभी राहिली. "दोन." पुतण्यानं तीन उघडलं, खराटा. बदलणार काय म्हणून विचारलं. मग पाकीट पुढं केलं. आज्जीनं त्याच्याकडं बघितलं पण नाही. "दोन म्हटलं की दोन."

दोनमागं कोबी.

सगळी गल्ली गप्प. तिनं गड्डा उचलला, दोन्ही हातांनी दाबून बघितला, "घट्ट आहे" म्हणाली. मग गर्दीत तो केबलवाला उभा होता, आता त्याचे केस पांढरे झालेत, त्याला हाक मारून विचारलं, "काय रे, केलंस काय चॅनेल सुरू?" त्यानं कानाला हात लावले.

खानापूरची_पोर
आईगं. आणि एक नंबरात काय होतं?

अनगोळचा_नातू
कुकर. तीन लिटरचा.

कॅम्पातली_काकू
दाखवलंस तिला?

अनगोळचा_नातू
नाही. एक नंबरच्या दोरीवर माझा भाचा होता, त्याला खूण केली. पडदा अडकलाय म्हणाला, आणि लगेच आरती सुरू केली.