किवी-दुधाची स्मूदी सकाळपर्यंत कडू का होते? आणि रस गाळावा की नाही?

घाईची_राणी
सकाळी अजिबात वेळ नसतो, म्हणून रात्रीच स्मूदी करून फ्रीजमध्ये ठेवते. किवी, केळं, पालक, दूध. केल्या केल्या चाखली तर झकास, सकाळी मात्र कडूजहर. वर फेस, खाली पाणी, आणि पालकाचे धागे दातात. दूध ताजं असतं, केळंही बदलून झालं. दुसरं असं की घरात ज्यूसर आणि मिक्सर दोन्ही आहेत. सासूबाईंचं म्हणणं, रस गाळूनच प्यावा, पोटाला हलका. मला तो ढीगभर चोथा टाकायचा जिवावर येतो. जाणकारांनी कृपया सांगा.

चोथाभक्त
केळं बिचारं निर्दोष आहे हो, गुन्हेगार किवी! कच्च्या किवीत ॲक्टिनिडिन नावाचं एन्झाइम असतं. ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे पाडतं आणि त्यातले काही तुकडे चवीला कडू असतात. तुम्ही त्याला अख्खी रात्र देताय. फ्रीजमध्ये त्याचं काम मंदावतं, थांबत नाही. अननसातलं ब्रोमेलेन आणि पपईतलं पपेनही याच जातीचं. फळ गोठवूनही ते मरत नाही, चांगलं शिजवलं तरच निकामी होतं. पण शिजवलेल्या किवीची स्मूदी कोण पिणार? तेव्हा रात्री बाकीचं फिरवून ठेवा आणि दूध सकाळी घाला. नाहीतर किवीच्या जागी सफरचंद घ्या. (बिया काढून.)

पालकाचे देठ खुडून टाका. आधी नुसती पानं आणि जेमतेम पातं बुडेल इतकं गार पाणी, एवढंच फिरवा. भांड्याच्या कडेला चिकटलेली पानं चमच्याने खाली ओढून पुन्हा फिरवा. बोटांत चोळून कण लागला नाही, की मगच फळं घाला. सगळं एकदम कोंबलं तर केळ्याच्या गरात पानं नुसती गोल गोल फिरतात, कापली जात नाहीत. पाणी वेगळं होण्यात बिघडलेलं काही नाही, ढवळा आणि प्या.

आता चोथा. माझं मत ठाम आहे: ज्यूसर माळ्यावर टाका. २५० मिली संत्र्याच्या रसात साधारण २० ग्रॅम साखर असते आणि ती दोन घोटांत पोटात जाते. तेवढी संत्री सोलून खायला बसलात तर निम्म्यातच हात आखडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबद्दल सूचना दिल्या, त्यात फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवली आहे. अख्ख्या फळातली नाही. सासूबाईंचं पोट खरंच नाजूक असेल तर त्यांचा पेला गाळून द्या, त्यावरून घरात वाद कशाला.

मोजूनमापून
चोथाभक्त, एन्झाइमचं पटलं. पण स्मूदीला एवढं मोकळं रान देऊ नका. ब्रिटनमध्ये रस आणि स्मूदी दोन्ही मिळून दिवसाला १५० मिलीच सांगतात, कारण पात्याखाली फळाच्या पेशी फुटल्या की साखर सुटी होतेच. मी एका फळाला दोन-तीन भाज्या हे प्रमाण ठेवते: काकडी, गाजर, पालक आणि गोडीपुरतं अर्धं सफरचंद. वर मूठभर बदाम, कारण गाजरातलं बीटा कॅरोटीन अंगी लागायला थोडी चरबी हवी. मध, साखर अजिबात नाही.

आणि काकडी किंवा दुधी घालण्याआधी एक चकती चावून बघा. कडू लागली तर सरळ फेकून द्या. त्या कडवटपणाने जोरदार उलट्या-जुलाब होऊ शकतात.

गाळणी
मुतखड्याचा त्रास झालेल्यांनी रोज कच्चा पालक आणि बीट ढोसू नये, दोन्हींत ऑक्झलेट (ज्यापासून बहुतेक खडे बनतात) भरपूर. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल तर पालकाचं प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका, त्यातलं के जीवनसत्त्व गोळीच्या आड येतं.

घाईची_राणी
सगळ्यांचे आभार. आज रात्रीपासून दूध वेगळं. बीट मात्र मला फार आवडतं, खडा वगैरे कधी झालेला नाही. आठवड्यातून एकदा चालेल ना?

गाळणी
खुशाल. दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी दिसली तर दवाखाना गाठू नका, काहींना बीटाने तसं होतं. बीट न खाताही दिसली, तर मात्र दाखवा.