भावाचं लग्न, ४६ची छाती आणि 'लग्नापर्यंत उतराल की' म्हणणारी दुकानं

सांगलीची_लेक

नमस्कार. प्रश्न कपड्यांचा आहे, पण त्यासोबत नट्यांच्या वजनावर चालणाऱ्या गप्पांबद्दलही लिहिणार आहे. माझ्यासाठी हे दोन विषय वेगळे नाहीत, म्हणून एकाच धाग्यात.

वैशाखात धाकट्या भावाचं लग्न आहे, सांगलीत. मी करवली. राहते चिंचवडला, नोकरी बँकेत. मापं सरळ लिहिते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज बांधावा लागणार नाही: छाती ४६, कंबर ४२, सीट (नितंबांचा घेर) ५०, दंड १७, उंची पाच फूट एक. हळदीला सुती कुर्ता, सीमांतपूजनाला तयार अनारकली आणि लग्नाला आईची पैठणी असं ठरलंय. पैठणी आईने कधीच नेसली नाही, त्यामुळे ब्लाउजपीस अजून साडीलाच आहे. ८० सेंटिमीटर.

अनारकलीसाठी पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात गेले. तिथल्या मुलीने माझ्याकडे पाहून हातातली घडी तशीच परत ठेवली. दुसरीकडे जो ड्रेस दाखवला तो छातीत चार इंच कमी. मालक म्हणाले, "घेऊन ठेवा मॅडम, लग्नाला दोन महिने आहेत, तोपर्यंत उतराल की." म्हणजे मी पैसे मोजायचे ते आज नसलेल्या बाईच्या कपड्याचे. मी तिथून निघून आले.

घरी येऊन फोन उघडला, तर मैत्रिणींच्या ग्रुपवर एका नटीचा विमानतळावरचा फोटो आणि खाली "किती सुटलीये बघा". हे मी अनेक वर्षं वाचत आलेय आणि त्यात एक ठरलेली रीत दिसते. 'दम लगा के हैशा' २०१५ साली आला. भूमी पेडणेकरने पहिल्याच सिनेमासाठी वजन वाढवलं, सगळ्यांनी वाहवा केली, आणि लगेच पुढची बातमी तिने ते कसं उतरवलं याची. २०१६ मध्ये 'वजनदार'साठी सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी वजन वाढवलं, तेव्हाही कौतुकच. मेहनत होतीच, कौतुक योग्यच होतं. पण हरनाज संधू डिसेंबर २०२१ मध्ये मिस युनिव्हर्स झाली, काही महिन्यांत तिचं वजन वाढलं, आणि लोक तिच्यावर तुटून पडले. तिला सीलिॲक आजार आहे, गव्हातलं ग्लूटेन चालत नाही, हे त्या मुलीला जाहीरपणे सांगावं लागलं. भूमिकेसाठी वाढवलेलं वजन चालतं, कारण ते उतरणार याची खात्री असते. स्वतःचं म्हणून, राहायला आलेलं वजन मात्र कुणाला चालत नाही. दुकानाचे मालक मला वेगळं काय म्हणाले?

म्हणून वनिता खरातचा तो जानेवारी २०२१चा फोटो मला फार मोठा वाटतो. अंगावर कपडा नाही, पुढे फक्त पतंग, आणि नजर थेट समोर. 'हास्यजत्रे'त आपण तिला पाहतोच, पण त्या फोटोत ती कुणाला हसवायला उभी नव्हती. त्याच्या आधीच्या वर्षी 'सुंदरा मनामध्ये भरली' सुरू झाली होती. अक्षया नाईकची लतिका माझी आजी रोज बघायची आणि तिच्या साड्यांबद्दल बोलायची. वजनाबद्दल नाही, साड्यांबद्दल. आजीला त्या मुलीचे रंग आवडायचे.

तर प्रश्न असा: माझ्या आजच्या मापाला नीट बसणारे कपडे कसे मिळवायचे? तयार घेताना काय बघायचं, शिवताना काय सांगायचं? आणि ८० सेंटिमीटरमध्ये ४६चं ब्लाउज होतं का?

ठाणे_पॅटर्न

मी कपड्यांच्या कंपनीत पॅटर्न, म्हणजे कापड कापायचे नमुने, काढते. तयार कपड्यांपुरतं सांगते, ब्लाउज जाणकारांवर सोडते.

मोठ्या मापाचे कपडे अंगावर विचित्र बसतात त्यात तुमच्या अंगाचा दोष नाही. बहुतेक ठिकाणी मूळ पॅटर्न मध्यम मापाचं असतं आणि प्रत्येक पायरीला ठरावीक इंच वाढवत वरची मापं काढतात. छाती वाढली की त्याच हिशेबात खांदाही वाढतो. पण माणसाचं हाड तेवढंच राहतं! छाती ३६ची ४६ झाली म्हणून खांदा रुंद होत नाही, दंड मात्र वाढतो. त्यामुळे खांदा खाली उतरलेला आणि बाही दंडात रुतलेली, हा अनुभव तुम्हाला येतच असणार. चांगली कंपनी मोठ्या मापांसाठी मूळ पॅटर्न वेगळं काढते. तसं केलंय की नाही हे ओळखायला तक्त्यात खांद्याची ओळ बघा. एल पासून फोर एक्सएल पर्यंत प्रत्येक पायरीला खांदा अर्धा-अर्धा इंच वाढत गेला असेल तर ती कंपनी सोडून द्या.

ऑनलाइन घेताना एक्सएलच्या अक्षरांकडे लक्षच देऊ नका. आपल्याकडे सगळ्यांना बांधील असं एक माप नाही. निफ्ट ही फॅशनची सरकारी संस्था आणि वस्त्रोद्योग मंत्रालय यांनी 'इंडियासाइज' हाती घेतलं ते याचसाठी: १५ ते ६५ वयाच्या पंचवीस हजारांवर लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायची आणि त्यावरून भारतीय तक्ता बनवायचा. दुकानात मात्र अजून ज्याचा त्याचा तक्ता. तक्त्यातही दोन प्रकार असतात, अंगाचं माप आणि कपड्याचं माप. तुम्हाला कपड्याचं माप हवंय. न ताणणाऱ्या कापडात छातीला ४९ तरी हवं, बसल्यावर श्वास घेता यायला हवा. सरळ कुर्ता घेतलात तर सीटला ५३-५४ बघावं लागेल, नाहीतर चिरा पोटाशी फाकतात. कळीदार (खाली रुंद होत जाणाऱ्या पट्ट्या जोडलेला) घेतलात तर सीटचा प्रश्नच मिटतो. अनारकलीला बाजूला चेन आहे का आणि अस्तराचा घेर वरच्या कापडाइतका आहे का, एवढं बघा. अस्तरात कापड वाचवलेलं असतं आणि ड्रेस तिथेच अडतो.

नट्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते पटलं. आमच्या बाजूने एवढंच सांगते की जाहिरातीच्या फोटोत मॉडेलच्या पाठीला चिमटे लावून कपडा आवळलेला असतो. कार्यक्रमांना नट्या जे घालतात ते त्यांच्या अंगावर फिटिंग करून, टाचून, उसवून परत शिवलेलं असतं. "तिला कसं छान बसतं" याचं उत्तर तिच्या कमरेत कमी आणि फिटिंग करणाऱ्या मास्तरांच्या हातात जास्त असतं. हे आपण बोलतच नाही.

सह्याद्री_भटक्या

राग मानू नका, चांगल्या भावनेनेच सांगतो. वैशाखाला वेळ आहे. रोज पहाटे तासभर चाला, रात्रीचा भात बंद करा. फरक पडेल, कपड्यांचा प्रश्न आपोआप सुटेल.

सांगलीची_लेक

@सह्याद्री_भटक्या, तुमचा हेतू वाईट नाही हे मानते. पण माझी तब्येत बघायला माझ्या डॉक्टर आहेत आणि मी त्यांचं ऐकते. इथे मी कपड्यांचं विचारलंय. उद्या सकाळी बँकेत जातानाही मला अंगाला बसणारा कुर्ता लागणार आहे, वैशाखातल्या मापाचा नाही. या धाग्यावर कुणीही कुणाला वजन उतरवण्याचे उपाय सांगू नयेत अशी कळकळीची विनंती. त्यासाठी दुसरे धागे आहेत.

@ठाणे_पॅटर्न, खांद्याची ओळ! आभार. आत्ताच तीन तक्ते उघडून बघितले, दोन बाद झाले.

मशीनवाली_काकू

सांगलीच्या लेकी, मी सोलापूरची, ब्लाउज शिवण्यातच आयुष्य गेलं. नीट वाच, घाईत शिंप्याकडे जाऊ नकोस.

आधी ब्रा. लग्नात जी घालणार तीच घालून माप दे. जुनी सैल घालून माप दिलंस आणि लग्नात नवीन घातलीस की टक्स (छातीला आकार द्यायच्या चुण्या) भलत्याच जागी येतात. मग बाई शिंप्याला बोलते आणि शिंपी बाईला.

आता पीस. ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच. त्यात तुझ्या मापाचं कोपरापर्यंत बाहीचं ब्लाउज पूर्ण निघणार नाही. कुणी "काढून देतो" म्हटलं तर तो माया (शिवणीच्या आत ठेवायचं जास्तीचं कापड) खाणार, आणि पुढे कधी ब्लाउज उसवून सैल करता येणार नाही. असं कर: काठ बाह्यांना, उरलेलं पैठणीचं कापड पाठीला. पुढचा भाग त्याच रंगाच्या साध्या रेशमात. पुढे पदर असतो, दिसणार नाही, आणि दिसलं तरी ठरवून केल्यासारखंच दिसेल. रेशीम घ्यायला जाताना साडी सोबत ने आणि दुकानाबाहेर उन्हात रंग जुळव. दुकानातल्या दिव्याखाली सगळेच जांभळे सारखे दिसतात.

कटोरी (छातीला वाटीसारखा वेगळा तुकडा) नको, प्रिन्सेस कट (वरून खालपर्यंत उभा जोड) सांग. ४६ला कटोरीचा जोड नेमका नको तिथे येतो आणि ताण पडतो. हुक पुढे. हुकाच्या पट्टीला आतून दुहेरी कापड.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्या अंगाची बाई आली की बरेच शिंपी मुंढा, म्हणजे बाही जोडायची बगलेची गोलाई, खोल कापतात. त्यांना वाटतं, मोकळं होईल. होतं उलटं. मुंढा खाली गेला की हात उचलला रे उचलला की अख्खं ब्लाउज वर सरकतं आणि खालून पोट उघडं पडतं. मुंढा बगलेला धरूनच ठेवायचा, मोकळीक बाहीच्या वरच्या घेरात द्यायची. दंड १७ आहे, तर बाही साडेअठराला ठेवायला सांग. तू करवली आहेस, करा हातात घेऊन उभी राहशील, हात कोपरात वाकलेला राहणार बराच वेळ. ट्रायलला गेलीस की आरशासमोर नुसती उभी राहू नकोस. भरलेला तांब्या हातात धर, वाक, मंगलाष्टकांना अक्षता टाकतो तसा हात वर कर. कुठे ओढलं तर तिथल्या तिथे सांग. बाजूंना दीड-दीड इंच माया ठेवायला सांग.

लतिकेच्या साड्या मीही बघायचे गं. माझ्याकडे तेव्हा गिऱ्हाइकं फोनवर तिचे फोटो घेऊन येत होती. ज्या बायका आधी "काकू, कुठलंही शिवा, झाकलं म्हणजे झालं" म्हणायच्या, त्या पाठीला गळा कसा हवा हे सांगायला लागल्या. एका मालिकेने एवढं केलं, हे मी माझ्या मशीनवर बसून पाहिलंय.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इथे मोठ्या मापाच्या कपड्यांची वेगळी दुकानं फार जुनी आहेत. लेन ब्रायंटची सुरुवात न्यूयॉर्कमध्ये १९०४ची. मी स्वतः टॉरिडमधून घेते, तिथे १० ते ३० मापं मिळतात. पण इकडून मागवायच्या फंदात पडू नका: पाच फूट एक उंचीला इथल्या बाह्या आणि लांबी पुरून उरते, दुरुस्तीतच पैसे जातात.

इथेही सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. ओल्ड नेव्हीने २०२१ मध्ये सगळ्या दुकानांत बायकांची सगळी मापं एकाच रांगेत, एकाच किमतीला ठेवली. मोठ्या मापासाठी कोपऱ्यातला वेगळा भाग नाही. मला त्या दुकानात शिरताना जे वाटलं होतं ते कधी विसरणार नाही. पुढच्याच वर्षी काही दुकानांतून त्यांनी ती मापं काढून घेतली.

नट्यांचं म्हणाल तर हॉलिवूडची विनोदी नटी लेस्ली जोन्स हिचं उदाहरण द्यावंसं वाटतं. २०१६ मध्ये तिच्या सिनेमाचा प्रीमियर होता आणि तिने जाहीर लिहिलं की कुणी डिझायनर मला कपडे द्यायला तयार नाही. ख्रिश्चन सिरियानो पुढे आला, लाल गाऊन शिवला, आणि ती त्यात अशी काही दिसली की बास. मेलिसा मॅकार्थीलाही ऑस्करच्या वेळी डिझायनरांनी नकार दिले होते. तिने २०१५ मध्ये स्वतःचा ब्रँड काढला. हॉलिवूडच्या बाईची ही गत, तर चिंचवडच्या बाईला दुकानदार काय दाद देणार? गेल्या काही वर्षांत तर इथल्या गप्पा फक्त वजन उतरवायच्या इंजेक्शनांच्या. कोण बारीक झालं आणि कशाने झालं. टीव्हीवरच्या ओप्रा विन्फ्रीने डिसेंबर २०२३ मध्ये वजनाचं औषध घेत असल्याचं सांगितलं तेव्हा माझ्या ऑफिसात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. औषध घेणं-न घेणं ज्याचं त्याने ठरवावं. पण मला भीती वाटते की आता दुकानदारांना नवं कारण मिळालं: मोठी मापं कशाला ठेवायची, सगळे बारीक होणारच आहेत.

सांगलीची_लेक

@एडिसनकर, हीच भीती मलाही आहे. ती इंजेक्शनं २०२५पासून आपल्याकडेही आलीत, आणि ग्रुपवर आता प्रत्येक बारीक झालेल्या नटीखाली "घेतलं असणार" असं येतं. म्हणजे जाड झाली तरी चौकशी, बारीक झाली तरी चौकशी. काल मी ग्रुपवर सरळ लिहिलं की यापुढे असे फोटो आले तर मी उत्तर देणार नाही, पण साडीबद्दल, रंगाबद्दल, कुणी शिवलंय त्याबद्दल कितीही बोलेन. दोघींनी अंगठा दाखवला. एकीने तिच्या मावशीच्या ब्लाउजचे फोटो टाकले. दंडाला सुंदर मोकळे आहेत.

काकू, तुमचं उत्तर आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्यांना विचार, अस्तर कुठलं लावायचं? वैशाखातली सांगली आहे, घाम फार येतो. आणि कळीदार अनारकली मिळाली नाही तर तीही शिवूनच घ्यावी का?

मशीनवाली_काकू

अस्तर सुतीच. सॅटिन किंवा क्रेप कुणी सुचवलं तर ऐकू नकोस, त्या उन्हात अंगाला चिकटतं. कापड आणलं की रात्रभर पाण्यात भिजव, सावलीत वाळव, इस्त्री कर आणि मगच शिंप्याला दे. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं रेशीम सुरकुततं.

अनारकली शिवून घे. कळ्या सोळा ठेव, उंची कमी आहे म्हणून आठ-दहा रुंद कळ्यांपेक्षा अरुंद जास्त कळ्या बऱ्या. कापड सहा मीटरच्या खाली घेऊ नकोस. लग्नाआधी तीन आठवडे तरी टाक शिवायला, लग्नसराईत सगळे शिंपी तारखा देतात आणि पाळत नाहीत. आईला नमस्कार सांग.