गोरखचिंचेच्या वाटेने : जुने वृक्ष आणि भग्न वास्तू पाहून आलेल्यांचे अनुभव

मांडू, गोवळकोंडा, विजापूर येथे आपण महाल आणि मकबरे पाहायला जातो. त्याच परिसरातल्या, मूळच्या आफ्रिकेतल्या गोरखचिंचेच्या (बाओबाबच्या) झाडापाशी मात्र फार थोडे जण थांबतात. ज्यांनी गाडीने जाऊन दोन्ही पाहिले आहे, त्यांनी वाट, ऋतू आणि झाडाची आजची स्थिती यांविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

धुळ्याहून :
आम्ही जानेवारीत आग्रा महामार्गाने शिरपूर, सेंधवा करीत धामनोदला पोहोचलो आणि तिथून मांडूचा घाट चढलो. पावसाळ्यातले हिरवे मांडू सर्वांना आवडते. परंतु गोरखचिंच पाहायची तर हिवाळाच हवा, असे माझे ठाम मत आहे, कारण पाने गळलेली असल्यामुळे हत्तीच्या पायासारखे खोड आणि लांब देठांना लोंबणारी फळे स्पष्ट दिसतात. जहाज महालाच्या वाटेवर एक आजी ही फळे विकत होत्या. त्यांनी एक फळ दगडावर आपटून फोडले. मखमली लव असलेल्या टणक कवचात कोरडा, पांढरा, आंबट गर होता आणि त्यात काळपट बिया घट्ट बसलेल्या होत्या. होशंगशाहाचा संगमरवरी मकबरा पाहतानाही ती चव जिभेवर होती. 2023 च्या सुमारास या भागातली जुनी झाडे मुळासकट काढून हैदराबादकडे नेली जाऊ लागली, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला. ज्या झाडाच्या फळांवर आजींसारख्यांचा हंगाम चालतो, ते झाड हलवण्यापूर्वी त्यांना विचारायलाच हवे होते.

हैदराबादहून :
गोवळकोंड्याला येणारे बहुतेक जण बालाहिसार, म्हणजे किल्ल्याचा माथा, चढून परततात, म्हणून गोवळकोंड्याच्याच नया किल्ला या भागातल्या ‘हातियाँ का झाड’ या गोरखचिंचेविषयी आवर्जून लिहितो. त्याचा घेर सुमारे 27 मीटर असून खोड आतून पोकळ आहे. नया किल्ल्याचा बराच भाग गोल्फच्या मैदानात गेला आहे, त्यामुळे प्रवेशाची चौकशी आधी करावी. सालीवर कोरलेली नावे पाहून मला अतिशय वाईट वाटले. भिंतीवरचा ओरखडा निदान बुजवता येतो. सालीतली जखम झाडाला स्वतःच भरून काढावी लागते.

सोलापूरहून :
विजापूर आमच्यापासून सुमारे 100 किलोमीटरवर आहे, त्यामुळे सकाळी निघून गोलघुमट आणि इब्राहिम रोजा पाहता येतात. गोरखचिंचेसाठी योगापूरच्या दर्ग्याकडे वेगळे जावे लागते आणि ते टाळू नये.

पुण्याहून :
मांडूच्या झाडांच्या वयाविषयी अनेकांनी विचारले आहे. गोरखचिंचेचे खोड बहुधा पोकळ होत जाते आणि वलयांवरून तिचे वय नीट काढता येत नाही. त्यासाठी लाकडाच्या नमुन्याची कार्बन-चाचणी करावी लागते. म्हणून वाटाड्याने हजार वर्षे सांगितली, तर ती चाचणीतून आली की ऐकीव आहेत, हे त्याला आदराने विचारावे. फुले पाहायची असल्यास पावसाळ्याच्या तोंडावर मांडूत मुक्काम करावा, कारण ती रात्री उमलतात.