शब्दचर्चा : पुरुष सैनिकावरच्या ‘सेक्शुअल असॉल्ट’ला मराठीत काय म्हणावं?

वाटसरू : अमेरिकी सैन्यातल्या पुरुषांवरील लैंगिक अत्याचारांबद्दलची पुस्तिका मराठीत आणतोय. ‘विनयभंग’ लिहिलं की वाचकाला बाईच दिसते. ‘अतिप्रसंग’ फारच वर्तमानपत्री. ‘बलात्कार’ पुरुषाला चालेल?

जुना कोशकार : न चालायला काय झालं? बलात् म्हणजे बळाने. शब्दात बाई कुठेच नाही. धर्मशास्त्रात ऋणकोला कोंडून, मारून कर्ज वसूल करणं म्हणजेही बलात्कारच. अर्थ आवळला तो कायद्याने. भादंवि ३७५ मध्ये पीडित स्त्रीच होती, न्याय संहितेतही तेच. शिवाय १ जुलै २०२४ पासून ‘अनैसर्गिक संभोगा’चं कलम ३७७ गेलं, त्यामुळे प्रौढ पुरुषासाठी वेगळं कलमच उरलं नाही.

किंचित : पण असॉल्टमध्ये नको तिथे हात लावणंही येतं, म्हणून बलात्कार तोकडा पडतो. मथळ्यात ‘लैंगिक अत्याचार’ ठेवा, आत कृती सांगा. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१४ च्या सैन्य-पाहणीत तसंच विचारलं होतं. वर्षभरात अत्याचार झालेले अंदाजे १०,६०० पुरुष आणि ९,६०० स्त्रिया निघाल्या. पण सैन्यात स्त्रिया मुळात कमी, म्हणजे प्रमाण त्यांच्यातच कितीतरी जास्त. पुरुष मात्र त्याच प्रकाराला बरेचदा ‘हेझिंग’ (नवख्यांना छळण्याची प्रथा) म्हणतात आणि तक्रारही कमी करतात.

वाटसरू : हेझिंगला ‘रगडा’?

किंचित : नको! खडकवासल्याच्या एनडीएत रगडा म्हणजे शिक्षेची दमछाक. ‘रॅगिंग’ सगळ्यांना कळतं.

वाटसरू : ‘रिस्ट्रिक्टेड रिपोर्ट’ला मी ‘मर्यादित तक्रार’ केलंय.

जुना कोशकार : दोन्ही शब्द चुकले. त्यात उपचार, समुपदेशन मिळतं, पण चौकशी सुरू होत नाही आणि वरिष्ठांना नाव कळत नाही. मग तक्रार कसली? ‘गोपनीय नोंद’ म्हणा. भीती साहेबाच्या कानावर जाण्याचीच असते, तेव्हा ‘गोपनीय’ हा शब्द आधी दिसू दे.

वाटसरू : पटलं. पुस्तिकेतला सैनिकांना विचारायचा पहिला प्रश्न असा करतोय : ‘मनाविरुद्ध कुणी तुमच्या अंगाला हात लावला का?’

किंचित : अंगाला हात लावला म्हणजे मारलं, असंही होतं. सैनिक ‘हो, रोजच’ म्हणेल. सरळ ‘गुप्तांगाला’ लिहा.

जुना कोशकार : तोही लाजतच घडवलेला शब्द. पण कळतो.