काठावरच्या सीटचा अंदाज खरंच लावता येतो का? माझी एक्सेल तोंडावर आपटली

एक्सेलवाला_भाऊ:
राव एक प्रश्न आहे, हसू नका. २०२४ च्या विधानसभेला ऑफिसात पैज लागली होती, २८८ सीट सांगायच्या, ज्याच्या जास्त चुकल्या त्याने सगळ्यांना मिसळ. मी शहाणपणा करून दोन रविवार घालवले, लोकसभेला कुठल्या विधानसभा मतदारसंघात कोणाला लीड होतं ते काढलं, शेजारी २०१९ चे निकाल टाकले आणि मागच्या वेळी जिथे फरक अगदी थोडा होता त्या सीट पिवळ्या केल्या, बाकी हिरव्या, म्हणजे सेफ. चांदिवली पिवळी, कारण २०१९ ला दिलीप लांडे फक्त ४०९ मतांनी आलेले. कर्जत जामखेड हिरवीगार, रोहित पवार मागच्या वेळी ४३ हजारांनी आलेले, तिथे काय बघायचं! आंबेगावला वळसे पाटील, तेही हिरवे, साठ हजारांच्या वर लीड होतं.
२३ नोव्हेंबरला काय झालं ते माहितीच आहे. चांदिवलीत तेच लांडे, समोर तेच नसीम खान, आणि फरक वीस हजार. माझी हिरवीगार कर्जत जामखेड १२४३ वर, आंबेगाव १५२३ वर. दोघे आले, पण धापा टाकत. साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी, बेलापूरला मंदा म्हात्रे ३७७, मालेगाव मध्यला मुफ्ती इस्माईल १६२. यातली एकही पिवळी नव्हती माझ्याकडे. कोण जिंकणार हे सोडाच, कुठली सीट काठावर आहे हेच मला कळलं नाही. मग हे जे टीव्हीवर छातीठोक सांगतात ते कशाच्या जोरावर?

आकडेमोड_काका:
आवाजाच्या जोरावर, दुसरं काय.
थट्टा सोड, साकोलीचंच गणित घे. पटोलेंना ९६,७९५, ब्राह्मणकरांना ९६,५८७. दोघांचं मिळून १ लाख ९३ हजार, त्यात २०८ म्हणजे एक दशांश टक्का. एका मतदारसंघात चारशे लोकांना विचारलं (एवढेही सहसा कोणी विचारत नाही) तरी चूक पाच टक्के इकडे किंवा तिकडे. चूक अर्धी करायची तर माणसं चौपट लागतात. एक दशांश टक्क्यापर्यंत यायचं म्हटलं तर नऊ साडेनऊ लाख माणसं विचारावी लागतील, आणि तेवढे मतदार तर कुठल्याच मतदारसंघात नाहीत. म्हणजे घरोघर जाऊन सगळ्यांनाच विचारायचं. त्यालाच मतदान म्हणतात बाळा.
आणि तुझी खरी चूक वेगळी आहे. तू प्रत्येक सीट सुटी धरलीस. हवा सगळीकडे एकदम फिरते. लोकसभेला आघाडीच्या ४८ पैकी ३० जागा, पाच महिन्यांत विधानसभेला महायुती २८८ पैकी २३० वर. एवढी हवा फिरली की मागच्या वेळच्या काठावरच्या सीट एका बाजूला वाहून जातात आणि समोरच्याचे जुने गड काठावर येऊन उभे राहतात. तुझ्या यादीत पटोले बघ, रोहित पवार बघ. नवापूरचे शिरीषकुमार नाईक पण, ११२१. विरोधकांच्या ज्या काही थोड्या वाचल्या त्यातल्या बऱ्याच अशा नखावर वाचल्या. म्हणून पिवळा रंग मागच्या लीडवरून द्यायचा नसतो, हवा इकडे पाच टक्के, तिकडे पाच टक्के फिरवून कुठली सीट पलटते ते बघायचं. पण बेलापूरचं यात बसत नाही, तिथे म्हात्रे महायुतीच्या असून चाळीस हजारांवरून ३७७ वर आल्या. तिथलं कारण स्थानिक आहे, ते कोणी नवी मुंबईकराने सांगावं.

वाशी_सेक्टर_सतरा:
सांगतो ना. संदीप नाईक ऐनवेळी भाजप सोडून तुतारीवर, म्हणजे शरद पवारांच्या पक्षाकडून उभे राहिले, वडील गणेश नाईक शेजारच्या ऐरोलीत कमळावर. अर्धे कार्यकर्ते सकाळी एकीकडे संध्याकाळी दुसरीकडे. त्यात विजय नाहटा अपक्ष, मनसेचे गजानन काळे, दोघांनी चांगली मतं खाल्ली. वर एक पिपाणीवाला अपक्ष (तुतारीशी गल्लत होईल असं चिन्ह), त्याला पण ३७७ पेक्षा जास्त पडली. हे सगळं कुठल्या कॉलमात टाकणार?

तालुक्याचा_बूथवाला:
काका तुमचं गणित बरोबर पण एक सांगू, मी तीन निवडणुका पोलिंग एजंट म्हणून बसलोय. यादीच्या पानावर आम्ही प्रत्येक नावापुढे खूण करतो, आपला, त्यांचा, कुंपणावरचा. यावेळी माझ्या बूथवर ९१२ मतदान झालं, मी रात्री नेत्याला लिहून दिलं ५४० आपली. निघाली ४९६. आता म्हणाल ४४ चा फरक म्हणजे काय एवढं, पण असे तीनशेच्या वर बूथ असतात, आणि चूक सगळ्यांची एकाच बाजूला होते, कारण दारात गेल्यावर कोण म्हणतं की तुम्हाला देणार नाही? सगळे म्हणतात व्हय भाऊ तुमचंच. आमच्या आळीतल्या एका म्हातारीने दोन्ही पार्टीच्या चिठ्ठ्या पदराला बांधल्या होत्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मी तिला आपली धरली होती.
आणि बायका यावेळी वेगळ्या आल्या. एरवी घरातला माणूस पुढे आणि बाई मागे, यावेळी दुपारी तीननंतर बायकांचीच रांग, पंधराशे रुपये खात्यात पडलेले. ते मला बूथवर बसून दिसलं पण किती मतांचं ते नाही सांगता आलं.
आणि आंबेगावचं बोलताय तर तिथे वळसे पाटलांसमोर तुतारीवर देवदत्त निकम होते, आणि त्यांच्याच नावाचा एक अपक्ष पण होता, त्याला २९६५ पडली. निकम हरले किती, १५२३. साताऱ्याला लोकसभेला तेच, पिपाणीला ३७ हजार आणि शशिकांत शिंदे ३२ हजार ७७१ ने गेले. सगळीच मतं चुकून पडली असं मी म्हणत नाही, पण बाहेर आल्यावर "तुतारीच दाबली की" म्हणणारी माणसं मी डोळ्याने बघितलीत.

रिचमंडकर:
इकडे व्हर्जिनियात २०१७ ला राज्याच्या सभागृहाची एक सीट चक्क बरोबरीत सुटली, डेव्हिड यान्सी आणि शेली सायमंड्स, दोघांना ११,६०८. वाडग्यातून चिठ्ठी काढली, यान्सी आले, आणि तेवढ्या एका चिठ्ठीवर सभागृहात रिपब्लिकन पक्षाचं ५१-४९ बहुमत राहिलं. त्याच वर्षी मुंबई पालिकेत वॉर्ड २२० ला पण चिठ्ठीच काढली होती. यावर कोण मॉडेल लावणार?

एक्सेलवाला_भाऊ:
मुंबई उत्तर पश्चिम लोकसभा आठवली. यंत्रांवर कीर्तिकर एका मताने पुढे आणि पोस्टल धरून वायकर ४८ ने आले. तेव्हा मी टीव्ही बंद करून जेवायला बसलो होतो.
काका, पाच टक्के इकडे तिकडे करून बघितलं आत्ता. पिवळ्या सीट ३१ होत्या त्या ११० च्या वर गेल्या. एवढ्या पिवळ्या असतील तर अंदाज काय राहिला?

आकडेमोड_काका:
तेवढाच अंदाज असतो. प्रत्येक पिवळीपुढे नाव लिहू नकोस, तो यायची शक्यता शंभरात किती ते लिही. बंडखोर आणि त्याच नावाचा अपक्ष यांचा एक कॉलम ठेव, अर्ज मागे घ्यायच्या दिवशी संध्याकाळी भर, आधी नको.

वाशी_सेक्टर_सतरा:
ते राहू दे, मिसळ दिलीस का?

एक्सेलवाला_भाऊ:
दिली. अकरा प्लेट, आणि पाव वेगळे लावले हॉटेलवाल्याने.