मदत हवी आहे: मांजरीने आणलेलं वटवाघूळ कोणतं? (खानापूर, बेळगाव)

नमस्कार मंडळी,

आमचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. काल पहाटे मांजरीने पडवीत एक वटवाघूळ आणून टाकलं. मेलेलंच होतं. फळं खाणाऱ्यांपैकी नाही हे नक्की. तोंड आखूड, दात बारीक आणि टोकदार. रंग गडद तपकिरी. वरच्या ओठावर सुरकुत्याच सुरकुत्या. कान जाड आणि पुढे झुकलेले. शेपूट मात्र वेगळीच: मागच्या पायांमधल्या पडद्यातून निम्मीअधिक बाहेर आलेली, उंदराची चिकटवल्यासारखी.

शेपूट पाहिली आणि डोक्यात एकच नाव आलं. तळेवाडीची बारापेडे गुहा आमच्याच तालुक्यातली. तिथल्या रॉटनच्या मुक्तपुच्छ (म्हणजे शेपूट पडद्याबाहेर मोकळी असलेल्या) वटवाघळाला 1913 मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफील्ड थॉमस यांनी नाव दिलं आणि पुढे कित्येक दशकं ही जात जगात तेवढ्या एका गुहेतूनच ठाऊक होती. 2000 च्या सुमारास ती कंबोडियात सापडली, मग मेघालयात. गुहेचा परिसर 2011 पासून भीमगड अभयारण्यात आहे. त्यातलंच एक आमच्या मांजरीने मारलं असेल तर पंचाईत आहे. ओळखायचं कसं? आणि सध्या हे कागदात गुंडाळून खोक्यात ठेवलंय, त्याचं काय करू? फोटो संध्याकाळी टाकते, इथे रेंजची बोंब आहे.

प्रतिसाद १
ताई, आधी हातमोजे. मेलेलं असलं तरी उघड्या हाताने धरू नका, आणि मांजरीला रेबीजची लस दिली नसेल तर डॉक्टरांना दाखवून घ्या.

नुसत्या शेपटीवर जाऊ नका. मुक्तपुच्छ गटातली इतरही वटवाघळं आपल्याकडे आहेत. पंख मिटलेला असताना कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड मोजा. रॉटनच्यात ते 63 ते 67 मिलिमीटर भरतं. इजिप्शियन मुक्तपुच्छचं पन्नाशीच्या आसपास. दुसरी खूण कानांची: रॉटनचे कान प्रचंड, पुढे ओढले तर नाकाच्याही पुढे जातात, आणि दोन्ही कान कपाळावर कातडीने जोडलेले. मानेमागे फिकट राखाडी पट्टा असतो, कुशीवर बारीक पांढरी कड. इतकं असेल तर चुकायला जागा नाही.

प्रतिसाद २
माप काहीही येवो, वनखात्याला कळवाच. रॉटनचं वटवाघूळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे. मेलेला प्राणीही सरकारी मालमत्ता धरला जातो आणि 48 तासांत कळवावं लागतं. फ्रीजमध्ये, स्पिरिटमध्ये ठेवायच्या भानगडीत पडू नका. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, जागा आणि वेळ लिहा, आणि सगळं रेंजरांच्या हाती द्या.

एक विनंती, खात्री करायला म्हणून गुहेत कोणी जाऊ नका. माद्या वर्षाला साधारण एकच पिल्लू देतात. दिवसा विजेरीच्या झोतात थवा उठला की पिल्लं खाली पडतात. खरंच शोध घ्यायचा असेल तर तिन्हीसांजेला बाहेर, मोकळ्या माळावर उभं राहा. ही जात उंचावरून, सरळ आणि वेगात जाते. तिची हाक इतकी खालच्या पट्टीतली की चांगल्या कानाच्या माणसाला टिकटिक ऐकू येते. बाकी बहुतेक कीटकभक्षी वटवाघळांची हाक आपल्याला यंत्राशिवाय कळतच नाही.

मूळ धागाकर्ती
धन्यवाद! मोजलं, 51 मिलिमीटर. कान कपाळावर भिडतात, पण मध्ये कातडी नाही. मानेवर राखाडी पट्टाही नाही. म्हणजे इजिप्शियनच ना? फोटो आता चढवते आहे, जाणकारांनी जबड्याचा फोटो जरा मोठा करून बघा. रेंजरसाहेबांना फोन झाला, उद्या माणूस पाठवतो म्हणालेत. मांजर आता रात्री घरात कोंडायची म्हणते, पण ती खिडकीतून निसटते. जाळीला काही सोपा उपाय आहे का कोणाकडे?